बदलाचं कारण

आमच्या घरमालकांच्या घरात कालचा पेपर वाचायला बंदी होती. बंदी म्हणजे कुणी रागवायचं वगैरे नाही. पण सकाळी आजचा पेपर दारात पडला की ते कालच्या पेपरच्या पहिल्या पानावर, उजव्या कोपऱ्यात, लाल शाईचा शिक्का मारायचे. शिक्क्यावर इंग्रजीत 'ऑब्सोलीट'. म्हणजे ही प्रत आता चालत नाही. पेपरवर तारीख छापलेली असतेच, मग शिक्का कशाला, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "तारीख कोण बघतंय? लाल दिसलं की माणूस थांबतो."

ते रांजणगावच्या एका कारखान्यात डॉक्युमेंट कंट्रोलला होते. हे खातं बाहेरच्या माणसाला नुसत्या नावावरून कळत नाही, म्हणून सांगते. कारखान्यात प्रत्येक पार्टचं एक ड्रॉइंग असतं. गिऱ्हाईक ते मधूनमधून बदलतं, भोक अर्धा मिलिमीटर इकडे, कड जरा तिकडे. बदललं की नवं ड्रॉइंग मशीनवर द्यायचं, जुनं परत आणायचं, त्याच्या प्रत्येक पानावर तो लाल शिक्का मारायचा आणि नवी प्रत कुणाला दिली त्याची चिठ्ठी भरून सही घ्यायची. ऐकायला कारकुनी काम. पण एक जुना कागद मशीनवर राहिला तर अख्खी पाळी भंगार काढत बसते. हे काम त्यांनी जन्मभर केलं आणि मशीनवर एकदाही जुना कागद राहू दिला नाही. सगळा कारखाना त्यांना चाचा म्हणायचा. मॅनेजरसुद्धा.

माझी त्यांची गाठ अशाच एका कागदावरून पडली. मी क्वालिटी लॅबमध्ये नवी होते. बी.एस्सी. फिजिक्स, फर्स्ट क्लास. राहू गावात आमच्या भावकीत दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली, आणि वडील अजूनही गुऱ्हाळावर चुलवणापुढं उभे राहतात. हे मी मुद्दाम सांगते. काहींना यात मोठेपणा दिसतो. दिसू दे. तर त्या दिवशी मी एक अख्खा क्रेट चांगले पार्ट नापास केले, कारण माझ्या हातातलं, मीच आधी झेरॉक्स काढून ठेवलेलं ड्रॉइंग एक बदल मागचं होतं. चाचा आले, माझ्या हातातून कागद काढून घेतला, नवा दिला आणि विचारलं, "बदल कुणी केला, कवा केला, का केला?" मला तिन्हीपैकी एकही सांगता आलं नाही. साहेबाकडे जातील असं वाटलं होतं. नाही गेले. राहायला कुठं आहेस, एवढं विचारून गेले. मी एका बाईंकडे पाचजणींच्या खोलीत राहत होते. दोन दिवसांनी येऊन म्हणाले, शिरूरला आमच्या घरावर एक खोली रिकामी आहे, चाचीला विचारलंय, ती हो म्हणाली.

ते तीन प्रश्न म्हणजे त्यांची जपमाळ होती. मी केस कापून आले, जिन्यातच विचारलं. चाचींनी चहात वेलदोड्याऐवजी सुंठ घातली, कप तोंडाला लावायच्या आधी विचारलं. लोणच्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या होत्या, 'कैरी, बदल २, मीठ कमी, कारण बीपी'. चाची म्हणायच्या, लग्न झालं तेव्हा मलापण चिठ्ठी लावतील असं वाटलं होतं.

हे सगळं एका बाजूला. दुसरी बाजू गुरुवारी दिसायची.

गुरुवारी कारखान्याला सुट्टी आणि दुपारी बराच वेळ लाइट नाही. त्या दिवशी खालच्या बाहेरच्या खोलीत 'मोहीम' बसायची. हा खेळ आहे, पण त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण सांगणारा. तो म्हणतो, तुम्ही नदीकाठी उभे आहात, पलीकडं उजेड दिसतोय, काय करता? बाकीच्यांनी एकेक पात्र घेतलेलं असतं, कुणी लढवय्या, कुणी वैदू, कुणी चोर. आपलं पात्र काय करतं ते ज्यानं त्यानं सांगायचं. जमतं की फसतं ते फासा ठरवणार. पात्राची सगळी माहिती एका कागदावर असते. पात्र मेलं की तो कागद बाद. गोष्ट मात्र वर्षानुवर्षं चालू.

खूप वर्षांपूर्वी कारखान्यात मशीन बसवायला एक जर्मन इंजिनिअर आला होता. मशीनचा एक भाग बंदरात अडकला आणि साहेब चार महिने शिरूरच्या लॉजवर अडकला. करमेना म्हणून त्यानं चाचांना आणि आणखी दोघांना हा खेळ शिकवला. जाताना इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स देऊन गेला. चाचांनी डिक्शनरी घेऊन ते सगळं मराठीत उतरवलं. तीन लांबट वह्या भरल्या. हिरवं शाईपेन, सुवाच्य अक्षर, एकही खाडाखोड नाही.

फासा वीस बाजूंचा, पितळेचा, टूलरूममधल्या उरलेल्या तुकड्यातून करून घेतलेला. चाचांनी तो लगेच खेळात घेतला नव्हता. आधी पाचशे वेळा टाकून ग्राफ काढला. सात जरा जास्त पडत होते, मग सातच्या समोरची बाजू कानशीनं घासली आणि परत पाचशे वेळा टाकला. फासा पडायचा स्टीलच्या परातीत. लाइट नसलेल्या खोलीत तो आवाज असा घुमायचा की शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्यालाही कळायचं, कुणाचा तरी जीव टांगणीला लागलाय.

आम्ही चौघं खेळायचो. इनामगावचे आप्पा, चाचांचे नोकरीच्या सुरुवातीपासूनचे दोस्त. ते पुढं नोकरी सोडून ऊस बघायला लागले. घरात सोसायटीचं राजकारण, पण गुरुवारी मीटिंग लागली तर आप्पा मीटिंग पुढं ढकलायचे. त्यांच्या गावात घोड नदीच्या काठी हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची घरं खणून काढलेली. चाचांनी आमच्या मोहिमेतलं अख्खं पाताळनगर आप्पांच्या उसाखाली नेऊन ठेवलं होतं. आप्पांचं पात्र वैदू. दुसरा यवतचा फिटर, मेंटेनन्सला होता, बोलताना जरा अडखळायचा, त्याचा लढवय्या. तिसऱ्या चाची. लसूण सोलता सोलता खेळायच्या. त्यांचं पात्र चोर, आणि त्यांच्याइतकी बेमालूम चोरी मी आजवर कुणाला करताना पाहिलेली नाही. चौथी मी. माझी धनुर्धारी.

चाचा गोष्ट सांगताना आवाज बदलत नसत, हातवारे नाहीत. तपासणीचा रिपोर्ट वाचावा तसं सांगायचे. "दरवाजा. लाकडी. उंची सहा फूट. बिजागरी डावीकडं. मागं कुणीतरी श्वास घेतंय." आमच्या अंगावर काटा यायचा. कुणी नियमावर शंका काढली की वही उघडायची, ओळीवर बोट, दोनदा वाचून दाखवायचं, वही बंद. वह्यांना दुसरं कुणी हात लावत नसे. आमच्याकडे त्यातल्या कामापुरत्या पानांच्या झेरॉक्स असायच्या.

मी मात्र पहिल्याच बैठकीपासून चांगली खेळले. पहिल्या दिवशी कुजका पूल, दुसऱ्या दिवशी सापांचं तळघर, तिसऱ्या दिवशी चौघा मारेकऱ्यांत एकटी सापडले, तिन्ही वेळा जिवंत बाहेर. आप्पांचे पहिले दोन वैदू पहिल्याच महिन्यात गेले होते म्हणे. मी राहूला जाऊन भावाला ऐकवलं, याला डोकं लागतं, शिकलेलं डोकं. कारखान्याच्या कँटीनमध्येही सांगितलं. बऱ्याच वेळा सांगितलं.

पुढं फिटरला मोबाईलवर बातमी लागली, की या खेळाची नवी आवृत्ती आली आहे. मधे आणखी दोन येऊन गेल्या होत्या, त्या आम्हाला माहीतही नव्हत्या. फिटर खुलला. नव्यात आकडेमोड कमी, पात्रं पटकन तयार होतात, सहजासहजी मरत नाहीत. आप्पा म्हणाले, न मरणारी माणसं घेऊन काय करायचं, ती सोसायटीत भरपूर आहेत. फिटरनं फोन चाचांपुढं धरला. चाचांनी चष्मासुद्धा लावला नाही. ती त्यांची आवृत्ती, म्हणाले, आपली ही. आप्पांनी चिमटा काढला, की दिवसभर लोकांच्या हातातले जुने कागद ओढतोस आणि घरी जुनंच कवटाळून बसतोस. चाचा हसले नाहीत. त्यांनी फासा पुसला.

मला वाटलं, हा नुसता हट्ट आहे. आणि हट्टावर इलाज करायला मी शिकलेली होते.

चाचा निवृत्त झाले त्या महिन्यात दौंडला त्यांच्या मेहुण्याकडं लग्न होतं. दोघं दोन दिवस तिकडं गेले. जायच्या आधी मी चाचींकडून तिन्ही वह्या मागून घेतल्या. त्यांना वाटलं, निवृत्तीची भेट म्हणून पुठ्ठा-बायंडिंग करून आणणार. मी पुण्याहून नवी आवृत्ती आणून ठेवली होती, जाड, गुळगुळीत, रंगीत चित्रांची. ती नुसती हातात द्यायची नाही, त्यांच्याच पद्धतीनं द्यायची, असं मी ठरवलं. आप्पांच्या आणि फिटरच्या झेरॉक्स परत घेतल्या. शिक्का खिडकीतच असायचा. लाल पॅड ओलं केलं आणि तिन्ही वह्यांच्या प्रत्येक पानावर, उजव्या कोपऱ्यात, तिरका न होऊ देता मारला. एकशे नव्वद पानं. दुपारी बसले ती दिवेलागणीला उठले. नंतर चिठ्ठी भरली. नवीन प्रत एक, जुन्या प्रती परत घेतल्या, कारणाच्या रकान्यात 'नवीन आवृत्ती उपलब्ध'. आपण केवढं गोड काम केलंय असं वाटून मी एकटीच हसले, तेही मला आठवतंय.

गुरुवारी सगळे बसल्यावर मी नवं पुस्तक, वह्यांचा गठ्ठा आणि चिठ्ठी त्यांच्यापुढं ठेवली. चाचांनी वरची वही उघडली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग मधलंच एक. चाचींच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. आप्पा माझ्याकडे बघत होते. फिटर फरशीकडे.

चाचांनी चिठ्ठी सावकाश वाचली. खिशातलं लाल पेन काढलं, कारणाच्या रकान्याभोवती एक गोल काढला. मग काळ्या पेनानं खाली सही केली. 'प्रत मिळाली.' नियमाप्रमाणे. वह्या उचलल्या, आत गेले आणि दार लावून घेतलं.

ते ओरडले असते तर मी भांडले असते. मला भांडता येतं.

त्यानंतर गुरुवारी खालची खोली बंद. चाचा माझ्याशी बोलायचे, टाकीत पाणी कधी येणार, गेटची कडी लाव, एवढंच. मी कपडे बदलून, गजरा माळून, नव्या चपला घालून समोरून गेले तरी ते तीन प्रश्न आले नाहीत. ज्या माणसानं सुंठीचासुद्धा जाब विचारला, त्यानं मला विचारायचं सोडून दिलं.

नव्या आवृत्तीची बैठक मी यवतला सुरू केली, रविवारी पाळी सुटल्यावर, हायवेच्या कडेला फिटरच्या भावाच्या दुकानावरच्या खोलीत. सांगणारी मी. खोटं कशाला बोलू, नवं पुस्तक चांगलं होतं. फिटर तर त्याच्या प्रेमातच पडला, आपल्या लढवय्याच्या नव्या डावपेचांची यादी त्यानं पाठ केली. आप्पा दोनदा आले. पहिल्यांदा त्यांनी पुस्तक पुढून मागं, मागून पुढं चाळलं आणि विचारलं, माझा माणूस कुठल्या पानावर हाय? नव्या आवृत्तीत वैदू हा प्रकारच काढून टाकला होता, त्याची विद्या दुसऱ्या दोन पात्रांत वाटून दिली होती. आप्पा म्हणाले, "अकरा वर्षं सांभाळलेला गडी हाय. वाटणी करायला तो काय जमिनीचा तुकडा हाय व्हय?" तिसऱ्या रविवारी ते आलेच नाहीत. चाची आल्या नाहीत. फिटरनं त्याचे दोन पुतणे बसवले. ती पोरं सारखी फोन बघायची.

मला चाचा परत बैठकीला बसायला हवे होते. दुसरं काही नको होतं. विचार करून मी चाचींना म्हटलं, वह्या द्या, शिक्का मारलेली सगळी पानं मी हातानं नव्यानं लिहून देते. अक्षर चांगलं आहे माझं. चाचींनी मांडीवरची लसणाची टरफलं सुपात झाडली. मग म्हणाल्या, "लिहिशील. पण तू त्या कवा वाचल्यात का?"

नव्हत्या वाचल्या. कानांनी ऐकल्या होत्या, तेवढंच. एकशे नव्वद पानांवर शिक्का मारला आणि त्यातलं एक पान वाचलं नव्हतं. फर्स्ट क्लास.

चाचींनी वह्या दिल्या आणि तिसऱ्या वहीची शेवटची पानं आधी बघ म्हणाल्या.

तिथं, माझ्या लाल शिक्क्याच्या शेजारीच, बदलांचा तक्ता होता. कारखान्यातल्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात असतो तसाच, पट्टीनं आखलेला. बदल क्रमांक, तारीख, बदल काय, कारण. एकूण एक्केचाळीस नोंदी. पहिलीच अशी: 'झेरॉक्समध्ये चौदा पाने नाहीत. त्या जागी स्वतः लिहिले.' म्हणजे आम्ही इतकी वर्षं ज्याला जुनी आवृत्ती म्हणत होतो ती जगात दुसरीकडं कुठंच नव्हती. आप्पा ज्या जर्मन साहेबाच्या पुस्तकाची शपथ घ्यायचे, त्या पुस्तकातलं किती उरलं होतं देव जाणे.

नववा बदल: 'पात्र काय करते ते बोलण्याऐवजी करून दाखवले तरी चालेल.' कारण: 'यवतचा गडी अडखळतो, पोरे हसतात.' मला आठवलं, फिटर पूर्वी उभा राहून तलवार चालवून दाखवायचा आणि आम्हाला वाटायचं, हौस आहे. आता तो तासभर बोलतो. नवं पुस्तक किती भारी ते सांगतानाही अडखळत नाही.

एकोणिसावा: 'वैदूचे औषध फसणार नाही.' कारण: 'आप्पांच्या मालकीण पुण्याला दवाखान्यात आहेत.' त्याच्या खाली विसावा: 'मागील बदल रद्द.' कारण: 'आप्पांनीच सांगितले.' दोन्हींच्या तारखांत पाच आठवड्यांचं अंतर.

मग मी माझ्या पहिल्या बैठकीची तारीख शोधली. तेहतिसावा बदल. 'नव्या गड्याचे पात्र पहिल्या तीन बैठकांत मरणार नाही. सांगू नये.' कारणाच्या रकान्यात: 'मुलगी हुशार आहे. चूक झाली की दुसऱ्या दिवशी येत नाही. लॅबमध्येही दोन दिवस रजा टाकली होती.'

क्रेट नापास केला त्यानंतरची ती रजा. मी ताप आला म्हणून सांगितलं होतं.

गुरुवार होता, लाइट नव्हती. मी वही घेऊन खाली गेले. चाचा दारात बसून नळाचा वायसर बदलत होते. मला आधी माफी मागायची होती, पण तोंडातून दुसरंच आलं. तीन बैठका मी स्वतःच्या डोक्यानं जगले असं गावभर सांगत फिरले, म्हटलं, आणि तुम्ही मला एका शब्दानं सांगितलं नाही.

"सांगितलं असतं तर तू चौथ्या बैठकीला आली असतीस?"

पाना फिरवत ते म्हणाले, "ग्रॅज्युएट, मला बदलाचा राग न्हाई. एक्केचाळीस येळा म्याच बदललंय. पर दर येळंला कुणासाठी तरी बदललं. त्या तुझ्या पुस्तकवाल्यांनी आप्पाचा वैदू काढला, का काढला ते लिवलंय कुठं? आन् तू रकान्यात काय लिवलंस, तर उपलब्ध हाय. बाजारात वांगीबी उपलब्ध हायेत."

आतून चाचींचं हसू ऐकू आलं. मला हसता येईना. मी न वाचता शिक्का मारला, म्हटलं, ते चुकलं. एवढं म्हणायला मला चार महिने लागले होते.

"ते चुकलंच," चाचा म्हणाले.

त्यांनी 'जाऊ दे' म्हटलं असतं तर कदाचित मी वह्या लिहून देऊन मोकळी झाले असते. पण वर येऊन मी त्या एक्केचाळीस नोंदी परत वाचल्या आणि माझ्या लक्षात आलं, की त्यात सगळे आहेत, एक माणूस सोडून. चाचांसाठी एकही बदल नाही. असणार कसा? ते कायम सांगणारे. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःचं पात्र कधी घेतलंच नव्हतं. दरवाजामागं कोण श्वास घेतंय हे त्यांना नेहमी आधीच माहीत असायचं.

मी नवी चिठ्ठी केली. नवीन प्रत, एक. जुन्या प्रती परत घ्यायच्या नाहीत, दोन्ही चालू राहतील. बदलाचं कारण: 'जुन्या खेळातलं सगळं चाचांना पाठ आहे. म्हणून त्यांना कधी खेळायला मिळालं नाही. नवा त्यांना येत नाही.' खाली जाऊन त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी चष्मा लावला. वाचली, चष्मा काढून पुसला, परत वाचली. लाल पेन खिशातून निघालं नाही. यवतला जायचं तर न्हावऱ्यावरून जाणारी एस.टी. चौफुल्याला किती वाजता पोचते, एवढंच विचारलं.

त्या रविवारी यवतला आप्पा आले, चाची परात आणि पितळी फासा घेऊन आल्या, आणि चाचा कोरा कागद पुढं घेऊन पाहुण्यासारखे ताठ बसले. पात्र करायलाच त्यांनी दीड तास लावला. नव्या पुस्तकात त्यांना दोन नियम एकमेकांना काटणारे सापडले, त्यावर त्यांची आणि फिटरची अशी जुंपली की चाचींनी शेवटी परात वाजवून दोघांना गप्प केलं. त्यांनी घेतला किल्लेदार. आप्पांना मी सांगून टाकलं, की तुमचा वैदू माझ्या बैठकीत आहे तसा राहील, आणि नवी वही काढून तसं लिहिलं, कारणासकट. चाचांनी मान वळवून ते वाचलं.

किल्लेदार पहिल्याच दरवाजापाशी थांबला. आत काय आहे, चाचांनी मला विचारलं. मी म्हटलं, उघडल्याशिवाय कळणार नाही. त्यांचा चेहरा असा झाला, की आप्पांनी तंबाखू मळायची थांबवली. त्यांनी पेन कागदाशेजारी सरळ लावून ठेवलं आणि मग म्हणाले, उघडतो. हलक्या आवाजात, कुणीतरी नको म्हणेल की काय असं.

आत जे होतं ते वाईट होतं. त्यांना वाचवणं माझ्या हातात होतं. फासा उभ्या पुस्तकाच्या आडोशाला टाकला असता तर मी काहीही आकडा सांगू शकले असते, आणि त्या पोरांना कळलंही नसतं. पण चाचांना कळलं असतं. हा माणूस पंचवीस-तीस वर्षं दाराच्या अलीकडं उभा राहायची वाट बघत होता. मी फासा परातीच्या मधोमध, सगळ्यांसमोर टाकला. नव्या नियमानं जिवावर बेतलं की तीन संधी मिळतात. तिन्ही गेल्या.

फिटर म्हणाला, पहिलीच बैठक आहे, परत टाकू. आप्पा माझ्यावर चिडले, जरा तरी बघायचं, म्हणाले, वयाचा मान असतो. चाची मात्र माझ्याकडं बघतही नव्हत्या, त्या चाचांकडं बघत होत्या.

चाचांनी किल्लेदाराचा कागद उचलला. एकदा पुढून, एकदा मागून पाहिला, मधोमध घडी घालून खिशात ठेवला. मग हात माझ्यापुढं केला.

"दुसरा कागद दे," ते म्हणाले. "आन् ह्या येळंला दार चाचीला उघडू दे."